पाच लाखांचं गाव

परवा आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत एक निवृत्त अधिकारी भाषणाला आले होते. नाव लिहीत नाही. माणूस सज्जन आहे, चहाच्या वेळी माझ्या गुडघ्यांची चौकशी सुद्धा केली. पण भाषण ऐकता ऐकता माझ्यातला मास्तर जागा झाला, आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्या वहीवर लाल शाई फिरवत राहिला. अजून फिरवतोच आहे, म्हणून म्हटलं लिहून टाकावं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. नांदेड जिल्ह्यात तेराशेच्या आसपास ग्रामपंचायती, लातूरला पावणेआठशेच्या आसपास. त्यावर पंचायत समित्या, त्यावर जिल्हा परिषद, बाजूला नगरपंचायती, नगरपरिषदा, महापालिका. एवढी दुकानं हवीत कशाला? दहा-वीस गावांची मिळून एक भक्कम संस्था करा. शहराभोवतीची गावं सरळ शहरात घ्या. मधल्या पंचायत समित्या काढून टाका. खर्च वाचेल, शिकलेली माणसं नेमता येतील, आणि "गावातलं राजकारण संपेल". शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं : इंग्लंडसारखा देश सुद्धा आता हेच करतोय, पाच लाख लोकवस्तीला एक संस्था!

टाळ्या झाल्या. सवयीने मीही वाजवल्या.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात सरे नावाच्या परगण्यात राहतो. संगणकातला आहे. रविवारी त्याचा फोन येतो. त्याला विचारलं, हे खरं आहे का रे? तो म्हणाला, "गुरुजी, खरं आहे. आमच्याकडे एक जिल्हा परिषदेसारखी कौंटी कौन्सिल आहे आणि खाली अकरा छोट्या कौन्सिल. त्या बाराही मोडून दोन मोठ्या करायच्या ठरल्यात." डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने श्वेतपत्रिका काढली, तिच्यात साधारण पाच लाखांचा आकडा आहे, हेही बरोबर निघालं. मी विचारलं, मग लोक काय म्हणतात? तर म्हणाला, कचऱ्याची गाडी वेळेवर येते का एवढंच बहुतेकांना माहीत असतं. आणि पुढे म्हणाला, वोकिंग म्हणून एक गाव आहे, तिथल्या कौन्सिलने इमारतींच्या नादात डोंगराएवढं कर्ज करून ठेवलं आणि २०२३ साली हात वर केले. आता ते कर्ज कोणाच्या डोक्यावर जाणार, याची शेजारच्या गावांना धास्ती आहे.

इंग्लंडचं इंग्लंड बघून घेईल. माझं डोकं त्या पाच लाखांवर अडकलं. कारण पाच लाखांची एक संस्था कशी असते, हे बघायला विमानात बसायची गरज नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहर साडेपाच लाखांचं होतं. दोन नगरपालिका जोडून एक केलेली संस्था सुद्धा तीच. हा प्रयोग आपल्या दारात १९९७ सालीच झालेला आहे, आणि आमच्या वक्त्यांनी तो बघितलेला नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गोदावरीच्या उत्तर काठाला जुनं नांदेड. दक्षिणेला वाघाळा आणि सिडको-हडकोच्या वसाहती, म्हणजे नवीन नांदेड. वाघाळ्याची नगरपालिका वेगळी होती. १९९७ च्या मार्चमध्ये दोन्ही मिळून नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका झाली. वाघाळ्याच्या वाट्याला काय आलं? नावातली आडवी रेघ. त्या रेघेच्या उजवीकडे वाघाळा अजून आहे, पाटीवर दिसतं. परंतु आमचे नगराध्यक्ष, आमचा मुख्याधिकारी, आमची सभा, असं म्हणायला तिथल्या माणसाकडे काही उरलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, एकाच नदीच्या दोन काठांना दोन पालिका हा काय शहाणपणा होता? रस्ता एक, पूल एक, पाणी एक. मान्य. पुलाला आणि पाण्याला मोठी संस्था हवीच. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, देशोदेशीचे लाखो यात्रेकरू आले, केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत नांदेडचा समावेश झाला, रस्ते रुंद झाले, पूल झाले. दोन छोट्या नगरपालिकांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं, हे मी आनंदाने मान्य करतो. पण वरून पैसा आला म्हणून पूल झाला. संस्था मोठी झाली म्हणून घरचा पैसा वाढला, असं काही नाही. महापालिकांची जकात गेली, मग एलबीटी आला, २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही माफ झाला, २०१७ साली जीएसटी आला. आता महिन्याच्या महिन्याला राज्य सरकारकडून भरपाईचा हप्ता येतो, आणि तो आला की पगार. आस्थापनेचा खर्च पस्तीस टक्क्यांच्या वर गेला की नोकरभरती बंद. मग ती "शिकलेली, तज्ज्ञ माणसं" नेमायची कुठून? आपल्याकडे म्हण आहेच, बडा घर पोकळ वासा.

लातूरचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०११ साली लातूर नगरपालिकेची महापालिका झाली. शहर तेव्हा तीन लाख ब्याऐंशी हजारांचं. पेढे वाटले, फटाके उडाले. पुढच्या पाचच वर्षांत, एप्रिल २०१६ मध्ये, त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी दहा टाक्यांची होती, पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांची झाली. स्टेशनवर लोक गाडीला बघायला गेले होते. मंत्री आले म्हणून जावं तसे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाऊस नव्हता, उसाने किती पाणी प्यालं हा वेगळा विषय (त्यावर कधीतरी लिहीनच, तेव्हा शिव्या खायची तयारी आहे). महापालिकेने पाणी पळवलं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की पाटीवर "महा" लागल्याने नळाला थेंबभर सुद्धा जास्त आलं नाही. पाणी मांजरेत असावं लागतं.

पण एक गोष्ट मात्र त्या "महा"मुळे नक्की बदलली, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. नगरपरिषदेत नगराध्यक्ष असतो. गावाने निवडलेला, भला-बुरा, पण त्याच्या हातात काही असतं, आणि गाव त्याची गचांडी धरू शकतं. महापालिका झाली की महापौर येतो. अडीच वर्षांचा. झगा, मानदंड, गाडी, सत्कार. कायद्याने कारभाराचा अधिकार असतो आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. म्हणजे ज्या दिवशी आपण बढती मिळाली म्हणून पेढे वाटतो, त्याच दिवशी कारभाराची किल्ली गावाच्या खिशातून मुंबईच्या खिशात जाते. मराठवाड्यात सध्या पाच महापालिका आहेत. पाचवी जालन्याची, २०२३ सालची. पाचही ठिकाणी पेढे वाटले गेले असतील. किल्लीची चौकशी किती जणांनी केली?

थोडं गणित करू. (मी मराठी आणि इतिहास शिकवायचो, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळंच शिकवावं लागतं.) २०१७ च्या निवडणुकीत नांदेडला एक्याऐंशी नगरसेवक होते आणि प्रभाग वीस. साडेपाच लाखांना एक्याऐंशीने भागा, एका नगरसेवकामागे पावणेसात हजारांच्या वर माणसं. शिवाय एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस हजार लोकांचे चार मालक. नाली तुंबली तर कुणाकडे जायचं? पहिला म्हणतो दुसऱ्याकडे जा, दुसरा म्हणतो तो भाग तिसऱ्याचा, तिसरा पुण्याला गेलेला असतो आणि चौथ्या बाईंचा फोन त्यांचे यजमान उचलतात. आता दोन हजार वस्तीचं खेडं घ्या. नऊ सदस्य, वर लोकांनी थेट निवडलेला सरपंच. दोनशे-सव्वादोनशे माणसांमागे एक सदस्य! तो सदस्य चोर असेल, आळशी असेल, पण संध्याकाळी पारावर सापडतो.

आमच्या वक्त्यांच्या "दहा-वीस गावांची एक संस्था" या बेताचंही असंच गणित आहे. कायद्याने ग्रामपंचायतीत कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त सतरा सदस्य. सात-सात सदस्यांच्या दहा पंचायती म्हणजे सत्तर माणसं. त्यात निम्म्या जागा बायकांच्या, धरा पस्तीस. त्या दहा एकत्र केल्या तर सतरा सदस्य, त्यातल्या बायका नऊ. म्हणजे एका सहीने सव्वीस बायका परत चुलीपुढे. दलित-आदिवासींच्या राखीव जागांनाही तीच कात्री. सुरुवातीला पदर डोक्यावरून ढळू न देता, नवऱ्याकडे बघत अंगठा उठवणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. त्यातल्या काही दुसऱ्या निवडणुकीपर्यंत ग्रामसेवकाला "आधी वाचून दाखवा, मग सही" म्हणायला लागल्या होत्या. हा बदल घडायला वीस-पंचवीस वर्षं लागली, आणि तो मंत्रालयात घडलेला नाही, सात जणांच्या त्या दळभद्री पंचायतीतच घडला.

थांबा. छोटं ते सगळं सोन्याचं, असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण मी खेड्यांत छत्तीस वर्षं नोकरी केली आहे. एका गावात मी असताना नळयोजना आली. टाकी बांधली, पाइप अंथरले, आणि पाइप नेमका दलित वस्तीच्या अलीकडे संपला. उतार नाही, असं सांगण्यात आलं. उतार होता. माझ्या वर्गातली त्या वस्तीवरची मुलं उन्हाळ्यात घागरी वाहून शाळेला उशिरा यायची आणि हजेरीपटावर मी त्यांच्यापुढे तांबडी खूण करायचो, ही गोष्ट मला अजून टोचते. त्या गावची पंचायत एका वाड्यातून चालायची. त्या लोकांना न्याय मिळाला तो तालुक्याहून, वरच्या अधिकाऱ्याने येऊन दम भरला तेव्हा. म्हणजे लांबचं सरकार हेही कधी कधी गरिबाचं असतं. बाबासाहेबांनी खेड्याबद्दल संविधान सभेत जे कडक शब्द वापरले, ते पुस्तक वाचून नव्हते वापरले.

मोठ्या संस्थेचं मीठही मी खाल्लेलं आहे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वसंतराव नाईकांच्या समितीने अहवाल दिला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बलवंतराय मेहता समितीने भर दिला होता तालुक्याच्या गटावर, नाईक समितीने भर दिला जिल्ह्यावर. शिक्षकाची नेमणूक गावच्या मर्जीवर राहिली असती तर माझ्यासारखा, ना जमीन ना ओळख, असा पोरगा मास्तर झालाच नसता. तेव्हा शिक्षकभरती, दवाखाने, मोठ्या पाणीयोजना, अग्निशमन ही कामं मोठ्या हातात असावीत, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. माझं भांडण आकाराशी नाहीच मुळी. मोठं करताना जे मोडलं जातं त्याला कोणी विचारत नाही, आणि त्याच्या जागी काय ठेवलं ते कोणी बघत नाही, याच्याशी आहे.

आकाराचं म्हणाल तर आम्हा मराठवाड्याच्या लोकांना सरकारने एवढं हलवलंय की विचारू नका. माझं गाव अहमदपूर तालुक्यातलं. मी जन्मलो तेव्हा ते हैदराबाद राज्यात, बिदर जिल्ह्यात होतं. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बिदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले, आणि आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्याचे झालो. १९६० साली महाराष्ट्राचे. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला. मी नोकरीला लागलो उस्मानाबाद जिल्हा परिषदेत आणि त्याच शाळेत, त्याच खुर्चीवर बसल्या बसल्या लातूर जिल्हा परिषदेचा झालो. गाव तिथेच, चिंच तिथेच, जिल्हे तीन आणि राज्यंही तीन.

पण त्यातला १९८२ चा बदल लोकांना हवा होता. का हवा होता? उस्मानाबाद (आताचं धाराशिव) लांब पडायचं म्हणून! अहमदपूरच्या माणसाला लातूर गाठून पुन्हा जवळजवळ तेवढंच पुढे जावं लागे. साहेब भेटले नाहीत तर मुक्काम. मुक्कामाला पैसे नसतील तर स्टँडवर. लातूर जिल्हा झाला तेव्हा जो आनंद झाला तो "मोठं झालो" याचा नव्हता, "जवळ आलं" याचा होता. आजही किनवटचा माणूस जिल्हा मागतो, उदगीरचा मागतो, तो काय हौस म्हणून? विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून २००९ साली दोन्ही जिल्हे एकमेकांवर कसे डोळे वटारून उभे राहिले होते ते ज्यांनी बघितलं त्यांना आठवत असेल. बंद झाले, मोर्चे निघाले, सोयरीक असलेल्या घरांत अबोला आला. शेवटी नांदेडला नाही आणि लातूरला नाही, आठही जिल्ह्यांचं आयुक्तालय अजून छत्रपती संभाजीनगरलाच. किनवटहून निघालेल्या माणसाने अख्खा मराठवाडा आडवा तुडवत जायचं. जनता चाळीस वर्षं ओरडून सांगते आहे, सरकार जवळ आणा. आणि आमचे विद्वान उठून म्हणतात, मोठं करा.

बरं, मोठं केलं की निदान लोकशाही तरी धड राहते का? गेल्या चार वर्षांकडे बघा. मार्च २०२२ मध्ये नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले. मे २०२२ मध्ये लातूर महापालिकेची संपली, त्याच वर्षी पुढे नांदेडची. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे बदल, तारखांवर तारखा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग त्यालाही मुदतवाढ. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या एकोणतीस महापालिकांचं मतदान झालं, त्यात नांदेड आणि लातूर आले. तीन वर्षांहून जास्त काळ पाच-साडेपाच लाखांच्या शहराला एक निवडलेला नगरसेवक नव्हता. एक सुद्धा! अंदाजपत्रक मांडणारा प्रशासक, मंजूर करणारा प्रशासक.

आणि त्याच काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, राज्यातल्या साडेसात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. दणक्यात झाल्या. गुलाल उधळला, भाऊबंदकी झाली, एखाद्या मताने सरपंच पडले. ज्या "गावातल्या राजकारणा"चा आमच्या वक्त्यांना एवढा वीट आलाय, ते राजकारण तेवढं जिवंत होतं. मोठी घरं कुलूपबंद होती.

जोडलेलं पुन्हा तोडायची वेळ येते, हेही आपल्या राज्यात लोकांनी बघितलंय. कल्याण-डोंबिवलीजवळची सत्तावीस गावं १९८३ साली महापालिकेत घेतली, २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली परत आत घेतली. चेंडू बरा! पुण्याने २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावं पोटात घेतली. त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांनी कराची बिलं बघितली, सोयी बघितल्या, आणि आम्हाला बाहेर काढा म्हणून हट्ट धरला. २०२४ साली त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. जगातही काही जणांनी हे मोठ्या प्रमाणावर केलंय. डेन्मार्कने २००७ साली दोनशे एकाहत्तर पालिकांच्या अठ्ठ्याण्णव केल्या. जपानमध्ये १९९९ साली तीन हजार दोनशेंच्या वर होत्या, दहा-अकरा वर्षांत सतराशेंच्या घरात आल्या. पण तिकडे स्वित्झर्लंडमध्ये दोन गावं एक करायची तर गावकरी मत देतात, आणि फ्रान्समध्ये अजून पस्तीस हजारांच्या आसपास कम्यून सुखाने नांदतात. त्या देशाचं काय वाईट झालं ते वक्त्यांनी सांगितलं नाही.

आपल्याकडे विचारायची पद्धत अशी : अधिसूचना निघते, "हरकती व सूचना" मागवल्या जातात, मुदत असते, हरकती येतात, फायलीला लागतात, आणि गाव जातं. गावाचं मतदान नाही. ग्रामसभेने ठराव करून विरोध केला तरी तो एक कागद. पंधरा ऑगस्टला याच ग्रामसभेला आपण लोकशाहीचा पाया वगैरे म्हणतो.

माझी धाकटी बहीण अशाच एका गावात दिलेली आहे. कोणत्या शहराने ते गाव घेतलं ते लिहीत नाही, तिला त्रास नको. गाव हद्दीत गेलं तेव्हा पोरांनी डीजे लावला होता, जमिनीला भाव येणार म्हणून. ज्यांना जमीन होती त्यांना आलाही. बहिणीला दीड एकर होती, ती मेहुण्यांच्या आजारपणात आधीच गेली होती. गाव शहर झाल्यावर ग्रामीण रोजगार हमीची कामं बंद झाली, कारण ती खेड्यासाठी असतात. शाळा जिल्हा परिषदेची राहिली की महापालिकेची झाली, यावर दोन वर्षं कागद इकडून तिकडे फिरले आणि तेवढा काळ शाळेच्या गळक्या छताला कोणीच वाली नव्हता. जुन्या ग्रामपंचायतीच्या खोलीवर आधी "प्रभाग कार्यालय" अशी पाटी लागली, एक कारकून यायचा. मग तोही यायचा बंद झाला. आता कुलूप आहे.

मेहुणे गेले तेव्हा घर त्यांच्या नावावर होतं. बहिणीला ते स्वतःच्या नावावर करून हवं आहे, घरकुलाच्या अर्जाला लागतं. पूर्वी हे काम मंगळवारचं होतं. मंगळवारी ग्रामसेवक यायचा, कपाट उघडून नमुना आठची वही काढायचा, वारसांची नावं विचारायचा, आणि समोर बसलेल्या दहा जणांना ठाऊक असायचं की ही अमक्याची बायको, हे तिचंच घर. आता मोठ्या कार्यालयात खिडक्या आहेत, टोकन आहे, पंखा आहे. खिडकीवरची मुलगी अगदी नम्रपणे बोलते. म्हणते, आजी, तुमच्या ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर आमच्याकडे आलेलं नाही, त्यांच्याकडून आणा. त्यांच्याकडून म्हणजे कोणाकडून? ती ग्रामपंचायत तर बरखास्त झाली! पंचायत समितीत गेली तर ते म्हणाले, आम्ही हस्तांतर केलं, ही बघा पोच. पोचेवर गठ्ठे किती ते लिहिलंय, गठ्ठ्यांत काय ते नाही.

बैठकीत हे सांगावं असं मला वाटलं होतं, पण आभारप्रदर्शन सुरू झालं. नंतर चहा घेताना मी त्या सज्जन अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं, एखादी ग्रामपंचायत विलीन होते तेव्हा तिच्या वह्या कुठे जातात हो? ते म्हणाले, "तशी प्रक्रिया असते." मग माझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं.

बहिणीने काल फोन केला होता. "दादा, तू एवढी वर्षं झेडपीत होतास, तुझ्या ओळखीचं कोणी नाही का रे?" जे ओळखीचे होते ते निवृत्त झाले किंवा वर गेले. मी सोमवारी येतो म्हणालो. दोन बस बदलाव्या लागतात आणि खिडकी साडेदहाला उघडते, म्हणजे पहाटे पाचला निघायला हवं. पोचेची झेरॉक्स, मेहुण्यांचा मृत्यूचा दाखला आणि १९९४ सालची घरपट्टीची एक पावती तिला ट्रंकेत सापडली आहे, तेवढं काढून ठेव म्हणून सांगितलंय.